सहावा रकाना

आमच्या मंडळाची नियमावली अकरा पानांची असून तिच्यात तेवीस कलमे आहेत. ती मी लिहिली. तिच्यातल्या नवव्या कलमाने माझाच पराभव केला, ही गोष्ट गावात सर्वांना ठाऊक असल्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. परंतु तो कसा झाला याची जी हकिगत आँटी एफुआ ओटू आपल्या मक्याच्या केंकी-उंड्यांच्या टोपलीशेजारी बसून गिऱ्हाइकांना सांगते, तिच्यात तपशिलाच्या निदान चार चुका आहेत, आणि त्या दुरुस्त करणे मला भाग आहे.

मंडळ म्हणजे रुग्णसोबती मंडळ. मिशनच्या रुग्णालयात ज्यांना भरवायला, पुसायला, नुसते बोलायलाही कोणी येत नाही, त्यांच्याजवळ बसणारे आम्ही एकोणीस स्वयंसेवक. समुद्रावर जगणाऱ्या गावात असे रुग्ण कमी नसतात. शेजारच्या टोगो देशातून आलेला कोळी आजारी पडतो, त्याची होडी पुढच्या बंदराला निघून जाते आणि तो मागे राहतो. नऊ वर्षे मंडळ नियमांवाचून चालले. मग मी न्यायालयाच्या नोंदणी कचेरीतून निवृत्त होऊन त्याचा सेक्रेटरी झालो, आणि गेल्या जूनमध्ये केप कोस्टला एका शिबिराला जाऊन आलो. विषय होता, स्वयंसेवकांकडून काम घेणाऱ्या संस्थांच्या कायदेशीर जबाबदाऱ्या.

व्याख्यान देणाऱ्या वकीलबाईंनी पहिल्याच तासाला विचारले, "तुमचा माणूस ओल्या फरशीवरून घसरला आणि त्याची कंबर मोडली, तर जबाबदार कोण?"

आम्ही तीस सेक्रेटऱ्यांनी एकमुखाने सांगितले, "तोच."

"नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही."

आमच्या रुग्णालयातल्या सगळ्या ओल्या फरशा डोळ्यांसमोरून गेल्या. दोन दिवसांत मी एक वही भरून टिपणे काढली. स्वयंसेवक हा नोकर नव्हे. म्हणून त्याला हुकूम करू नये, नाहीतर उद्या एखादे न्यायालय त्याला नोकर ठरवील. त्याचा विमा उतरवावा. रुग्णाचे गुपित त्याने बाहेर नेऊ नये. नातेवाइकाने नातेवाइकावर देखरेख ठेवू नये. या टिपणांचीच पुढे तेवीस कलमे झाली. ती मी रुग्णालयाच्या अंगणात, बदामाच्या झाडाखाली मंडळाला वाचून दाखवली. चौथ्या कलमापाशी आँटी एफुआने हात वर केला.

"मंडळ हुकूम करणार नाही, विनंती करील, असं लिहिलंय. म्हणजे मी नाही म्हटलं तर चालेल?"

"कायद्याने चालेल," मी म्हणालो.

"मग सेक्रेटरी, बादल्या धुवायची विनंती मला करत जाऊ नका. मी नाही म्हणेन, आणि तुम्हाला उगाच वाईट वाटेल."

त्या आठवड्यात चौथ्या कलमान्वये माझ्या सात विनंत्या नाकारण्यात आल्या. बादल्या मी धुतल्या.

हा विनोद मी सोसला असता. पुढे जे घडले ते विमा कंपनीच्या अर्जामुळे. अर्जात सात रकाने होते आणि सहावा असा होता: अपघात झाल्यास कळवावयाच्या निकटच्या नातेवाइकाचे नाव, एकच. सगळे अर्ज शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पूर्ण हवे होते. ज्याचा अर्ज अपुरा त्याचा विमा नाही, आणि ज्याचा विमा नाही त्याला वॉर्डात प्रवेश नाही, असे माझे चौदावे कलम सांगत होते.

परगावच्या माणसाने हा रकाना डोळे मिटून वाटला असता तर ते क्षम्य होते. मी इथला आहे. आमच्यात माणूस आईच्या कुळाचा असतो आणि त्याची मुले त्यांच्या आईच्या कुळाची. मुलगा बापाच्या घरात वाढतो, आणि रीतीने बापाचा वारस म्हणून बापाच्या बहिणीचा मुलगा उभा असतो. कोणाचेही नाव कुठे लिहिलेले नसते तोवर दोघांनाही आशा असते, आणि आशा असते तोवर दोघांच्याही घरून सूप येते. एकदा का एक नाव कागदावर चढले, की तो कागद माणूस मेल्याच्या दिवशी कोणाच्या तरी खिशातून बाहेर निघतो. कचेरीतल्या एकतीस वर्षांत मी वारसाच्या भांडणात पुरावा म्हणून चर्चचे कार्ड पाहिले आहे, बँकेचे पुस्तक पाहिले आहे, आणि एकदा तर शिंप्याची पावती पाहिली आहे. इतके पाहूनही मी तो रकाना एकोणीस माणसांच्या हाती दिला. ही चूक माझी, आणि ती मी मान्य करतो.

पहिल्या फेरीत अर्ज आले तेव्हा चौघांनी सहाव्या रकान्यात पाद्र्याचे नाव लिहिले होते, दोघांनी परमेश्वराचे, आणि आँटी एफुआने लिहिले होते, "ज्याला आधी कळेल तो." ते सगळे मी परत पाठवले आणि पायऱ्या झिजवून नीट भरून घेतले. उरला एक. एग्या कोबिना बेंटसिल यांचा.

एग्या म्हणजे बाबा; सगळे त्यांना तसेच म्हणतात. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे. सगळा जन्म वावा झाडाच्या खोडांतून होड्या कोरण्यात गेला. बायको गेल्यापासून रोज पहाटे सहाला वॉर्डात येतात ते दुपारपर्यंत. तिथे त्या दिवसांत सात नंबरच्या खाटेवर कॉसी नावाचा टोगोचा कोळी होता. त्याची उजवी बाजू लुळी पडली होती. परिचारिकांनी भरवलेली पेज तो थुंकून टाकायचा. एग्यांच्या हातून मात्र खायचा, कारण एग्या चमचा डाव्या बाजूने धरून वाट बघत बसायचे आणि मध्ये मध्ये त्याच्याशी होड्यांविषयी बोलायचे, अशा भाषेत जी दोघांपैकी कोणाचीच नव्हती. एग्या आले नाहीत तर कॉसीच्या नाकात नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

सोमवारी मी खाटेपाशी गेलो. "एग्या, तुमचा सहावा रकाना रिकामा आहे."

"सातातला एक रिकामा," ते म्हणाले. "माझ्या दातांपेक्षा बरं प्रमाण आहे."

"शुक्रवारपर्यंत भरावा लागेल."

"हुकूम आहे का विनंती?"

"विनंती."

"मग नाही."

"नाही म्हटलंत तर चौदाव्या कलमाप्रमाणे तुम्हाला वॉर्डात येता येणार नाही."

एग्यांनी चमचा वाटीत ठेवला. "तुझ्या विनंतीला दात आहेत की रे, क्वान्साह."

"मुलाचं लिहा, नाहीतर भाच्याचं लिहा. त्यात काय एवढं?"

"फिफीचं लिहिलं तर एबो मासळी पाठवायचा बंद होईल. एबोचं लिहिलं तर फिफी रविवारी गाडी आणणार नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि ते सोड. आत्ता दोघंही येतात. एकाचं नाव लागलं की दुसरा यायचा थांबेल. आणि ज्याचं लागलं, तोसुद्धा मग कशाला येईल?"

मी रिकामा रकाना पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

"तू कोणाचं लिहिलंस?" त्यांनी विचारले.

"माझा अर्ज माझ्याजवळ आहे."

"अर्ज कुठे आहे ते नाही विचारलं मी."

मी घड्याळ पाहिले आणि मला कचेरीत काम असल्याचे आठवले.

मंगळवारी सकाळी एग्यांनी अर्ज आणून दिला. सहाव्या रकान्यात मोठ्या, सुताराच्या अक्षरांत लिहिले होते: ऑगस्टस क्वान्साह, सेक्रेटरी.

"हे चालणार नाही," मी म्हणालो. "मी तुमचा नातेवाईक नाही."

"तुझं कुळ कोणतं?"

"न्सोना."

"आणि माझं?"

आमचे दोघांचेही कुळ न्सोना, कावळ्याचे, हे गावातल्या कावळ्यांनाही ठाऊक आहे.

"गेल्या ऑगस्टात मानकेसिमला तो रंगारी वारला," एग्या म्हणाले. "त्याच्या अंत्यविधीला तू कुठे बसला होतास?"

"घरच्यांच्या रांगेत."

"त्याला कधी भेटला होतास?"

"नाही."

"मग घरच्यांच्यात का बसलास?"

"न्सोना होता म्हणून."

"म्हणजे मेला की नातेवाईक, आणि जिवंत असेपर्यंत कोणी नाही. हे कितव्या कलमात आहे, साहेब?"

न्यायालयात मी उत्तम वकील ऐकले आहेत. त्यांतल्या एकालाही प्रतिपक्षाच्या तोंडूनच आपली बाजू इतक्या थोड्या प्रश्नांत वदवून घेता आली नाही.

मी तो अर्ज बुधवारी नाकारायचा असे ठरवले. परंतु एग्यांनी रुग्णालयातून निघून थेट आँटी एफुआची टोपली गाठली होती. अर्जातला मजकूर गुप्त ठेवावा असे सतरावे कलम आहे. मात्र ते मंडळाला बांधते, अर्ज भरणाऱ्याला नाही. दुपारी तीन वाजता माझ्या दारात टॅक्सी उभी राहिली. तिच्यातून एग्यांचा मुलगा फिफी आणि भाचा एबो अरहिन दोघेही उतरले. फिफी टॅक्सी चालवतो, एबोचे मासळीचे शीतगृह आहे. सहा वर्षांत ते एका टेबलाशी बसले नव्हते. आज एबो पुढच्या सीटवर बसून आला होता.

माझ्या बायकोने, अबाने, त्यांना पाणी दिले. पाणी पिऊन होईपर्यंत रीतीप्रमाणे कोणी बोलले नाही.

"आम्ही शांतपणे आलोय," एबो म्हणाला.

"एकदम शांतपणे," फिफी म्हणाला.

"मामाच्या दोन खोल्या आहेत, हत्यारं आहेत..."

"बाबांच्या."

"मामाच्या म्हण नाहीतर बाबांच्या म्हण. ह्यांच्या नाहीत, एवढं खरं ना?"

"एवढं खरं."

मी समजावले की तो रकाना फक्त फोन करण्यापुरता आहे. त्याचा खोल्यांशी किंवा रंध्यांशी काही संबंध नाही.

"फोन माझ्याकडे नाही का?" एबो म्हणाला. "माझ्याकडे दोन आहेत."

"आणि सेक्रेटरी," फिफी म्हणाला, "तीस वर्षं तुम्ही कोर्टात कागद सांभाळलेत. कागद पुढे काय काय करतो, ते आम्हाला नका शिकवू."

त्यांचे मागणे साधे होते. मी एका ओळीत लिहून द्यावे, की एग्या बेंटसिल माझे कोणी लागत नाहीत. मी पेनचे टोपणही काढले. मग लक्षात आले की ती ओळ लिहिली की सहावा रकाना खोटा ठरतो, अर्ज अपुरा राहतो, आणि शुक्रवारी एग्या वॉर्डाबाहेर जातात. ती लिहिली नाही, तर मी दोन खोल्यांसाठी टपून बसलेला तिसरा माणूस ठरतो. मी शुक्रवारपर्यंतची मुदत मागितली. ते गेले, आणि जाताना एबोने फिफीच्या खांद्यावर हात ठेवला होता. सहा वर्षांत जे कोणाला साधले नाही ते माझ्या एका रकान्याने साधले, याचे श्रेय मला आजतागायत कोणी दिलेले नाही.

टॅक्सी वळल्यावर अबा म्हणाली, "आणि तुमच्या अर्जात कोणाचं नाव आहे?"

आतल्या खोलीतून माझी थोरली बहीण अडवोवा, जी चार दिवसांसाठी आलेली होती आणि आतापर्यंत झोपलेली होती, स्पष्ट आवाजात म्हणाली, "जरा मोठ्यानं सांग हं. मलाही ऐकायचंय."

माझा अर्ज माझ्या कोटाच्या खिशात होता. सातांतले सहा रकाने भरलेले होते. मी म्हणालो की सतराव्या कलमाने मला ते उघड करता येत नाही. अबाने पाण्याचे पेले उचलले, आणि ते नेहमीपेक्षा जास्त वाजले.

बुधवारी मी मॅट्रन एशुन यांच्याकडे गेलो. त्या अनोना कुळाच्या आहेत आणि नियमांना माझ्याइतकेच मानतात, म्हणून मला त्यांचा आधार वाटत होता. मी म्हणालो की एग्यांच्या अर्जात खोटी नोंद आहे, तेव्हा मी तो रद्द करतो आहे.

"नववं कलम वाचा," त्या म्हणाल्या.

ते मला पाठ आहे. "कोणताही पदाधिकारी आपल्या नातेवाइकावर देखरेख करणार नाही, वा त्याच्याविरुद्ध कारवाई करणार नाही. तो अधिकार मॅट्रनकडे जाईल."

"ह्या अर्जात लिहिलंय की तुम्ही एग्यांचे नातेवाईक आहात."

"तेच तर खोटं आहे."

"खोटं आहे हे ठरवून अर्ज रद्द करणं म्हणजे कारवाईच ना? मग ती तुम्हाला नाही करता येत."

मी म्हणालो, "आणि मी नातेवाईक नसलो तर?"

"तर ते तुम्ही उभं राहून सांगायचं, सगळ्यांसमोर. शुक्रवारी सांगा. हो म्हणालात तर अर्ज पूर्ण, मी सही करते. नाही म्हणालात तर नळी मागवते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मसुदा मात्र छान केलाय तुम्ही. कुठे फटच ठेवली नाहीत."

बाहेर पडताना मी वॉर्डाच्या दाराशी थांबलो. कॉसी सावकाश पेज गिळत होता. एग्या बोलत नव्हते. त्यांनी चमचा खाली ठेवला होता आणि कॉसीच्या हनुवटीखाली हात धरला होता, जसा सुतार ओल्या लाकडाखाली धरतो, आणि गिळून होण्याची वाट पाहत होते. घास गिळायला त्याला बराच वेळ लागला. एग्यांना कुठे जायची घाई नव्हती. त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती, हे मला तोवर सुचले नव्हते.

शुक्रवारी साडेअकराला मंडळ बदामाखाली जमले. फिफी आणि एबो फाटकाबाहेर टॅक्सीला टेकून उभे होते. अबा माझा डबा घेऊन आली होती, आणि डबा एकटीला न पेलण्याइतका जड नसतानाही तिच्यासोबत अडवोवा आली होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी न्सोना आहे. एग्या कोबिना बेंटसिल न्सोना आहेत. आमच्या रीतीने ते माझे नातेवाईक आहेत, आणि अपघात झाला तर रुग्णालयाने मला कळवावे. त्यांच्या खोल्यांवर, हत्यारांवर किंवा कशावरही माझा हक्क नाही. तसे मी दोन प्रतींत लिहून सही केली आहे. एक प्रत फिफीसाठी, एक एबोसाठी."

दोघेही आत आले. दोघांनीही आपापली प्रत वाचली, मग एकमेकांची वाचली, आणि शब्दन्‌शब्द जुळतो याची खात्री झाल्यावर घडी घालून खिशात ठेवली.

"म्हणजे धावत यायचं तू," एग्या म्हणाले, "आणि हत्यारं त्यांची."

"होय."

"कोणाची, ते नाही लिहिलंस ना?"

"नाही."

"छान." त्यांनी फिफी आणि एबोकडे प्रेमाने पाहिले. "मग रविवारी दोघंही या."

मॅट्रननी एग्यांच्या अर्जावर सही केली. तिथे सभा संपायला हवी होती. परंतु आँटी एफुआने हात वर केला.

"सेक्रेटरी, मीसुद्धा न्सोना आहे."

तिच्यामागून शाळेतून निवृत्त झालेले ड्रिल मास्तर उठले, मग मेणबत्त्या विकणाऱ्या दोघी बहिणी. मॅट्रननी मोजले तेव्हा एकोणिसांत मला धरून बारा न्सोना निघाले. त्यांनी नियमावली मागवली, नववे कलम पुन्हा वाचले, आणि त्या अकरा जणांवरची देखरेख आपल्याकडे घेतली. माझ्याकडे सात उरले. मी त्या सातांना अंगणातल्या खुर्च्या आत ठेवण्याची विनंती केली. चौघांनी ती नाकारली.

आँटी एफुआ सांगते की त्या वेळी मी नियमावली जमिनीवर आपटली. ते असत्य आहे. मी ती खुर्चीवर ठेवली.

"बाराला दहा मिनिटं आहेत," एग्या म्हणाले. "तुझा अर्ज कुठाय?"

मी कोटाच्या खिशातून अर्ज काढला. डाव्या हाताला अबा उभी होती, उजव्या हाताला अडवोवा, आणि दोघींचेही डोळे एकाच रकान्यावर होते. मी पेन काढले आणि सहाव्या रकान्यात लिहिले: कोबिना बेंटसिल.

त्या दिवशी अबा आणि अडवोवा दोघींनीही माझ्या ताटात स्वतंत्रपणे मासा वाढला, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

एग्यांनी अर्ज हातात घेऊन दूर धरला आणि आपले नाव वाचले. "मला विचारलं नाहीस."

"आता विचारतो."

"हुकूम आहे?"

"विनंती."

त्यांनी बराच विचार केला. मुद्दाम केला, कारण अंगणात सगळे पाहत होते.

"येईन," ते म्हणाले. "पण सकाळी सात ते आठ पडू नकोस. तेव्हा मी कॉसीला भरवत असतो."